जुनी मोटरसायकल सत्तरच्या पुढे जात नाही, कार्बोरेटर साफ करूनही तक्रार परत येते: काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "पूर्वी ही गाडी शंभरला जायची, आता सत्तरला अडते. कार्बोरेटर साफ केला की आठवडाभर पळते, मग पुन्हा तेच." गाडी यामाहा आरएक्स १०० असो, येझदी असो, पॉइंटवाली (ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यांत्रिक स्विचची) बुलेट असो की नव्वदच्या दशकातली हिरो होंडा, गाऱ्हाणं एकच. आणि उपायही एकच सांगितला जातो: कार्बोरेटर पुन्हा उघडा.

कार्बोरेटर साफ करून दोष आठवड्यात परत येत असेल, तर कार्बोरेटर ही फक्त घाण साचण्याची जागा आहे. घाण दुसरीकडून येते. किंवा दोष मुळात पेट्रोलच्या बाजूचा नसून धूर बाहेर जाण्याच्या बाजूचा असतो. या दोन शक्यता तपासल्याशिवाय जेटला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला) हात लावू नये. पण त्याही आधी एक काम आहे, ते म्हणजे गाडीचा वेग नेमका किती घटला हे मोजणं.

"पूर्वी शंभर" म्हणजे नक्की किती?

जुन्या गाड्यांचे मीटर जास्त दाखवतात. खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये असा दंडक असल्यामुळे कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवत. त्यात तीस वर्षांची केबल आणि झिजलेली पिनियन. मोबाइलमध्ये जीपीएसवर चालणारं स्पीडोमीटर ॲप टाका, मोबाइल खिशात ठेवा, जास्तीत जास्त वेग नोंदवणारा पर्याय चालू करा आणि नंतर थांबून बघा. चालवताना स्क्रीनकडे पाहायचं नाही.

टायरही बघा. आरएक्स १०० ला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ येत असे आणि मीटर पुढच्या चाकावर चालतं. पुढे २.७५ चा टायर बसवला की चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढंच कमी दाखवतं. मागे जाड टायर बसवला तर मीटरला काही कळत नाही, पण टॉप गिअर मात्र जड होतो. "टायर बदलल्यापासून गाडी ओढत नाही" ही तक्रार कित्येकदा खरी असते ती यामुळे.

वाऱ्याचाही हिशोब धरा. आषाढ-श्रावणात नाशिकहून घोटीकडे निघालात की नैऋत्येचा वारा थेट छातीवर येतो. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर ८५ ला गाडीला हवा १०० सारखी लागते. म्हणून एकाच पट्ट्यावर जाऊन-येऊन मोजा आणि सरासरी काढा. वेगाचे जागतिक विक्रमसुद्धा दोन्ही दिशांच्या सरासरीवरच धरले जातात.

काही जण नाशिकच्या उंचीला दोष देतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. इंजिनाची ताकद तेवढी कमी होते हे खरं. पण हवेचा अडथळाही तेवढाच कमी होतो, त्यामुळे सपाट रस्त्यावरच्या टॉप स्पीडमध्ये जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पिकअप आणि घाटातली ओढ थोडी उतरते, इतकंच.

घटलेल्या वेगावरून दोषाचा आकार ओळखा

हा भाग नीट वाचा, कारण पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे. वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. ८० वरून १०० ला जायला वेग सव्वापट होतो, पण ताकद जवळपास दुप्पट लागते.

आपल्याकडच्या गाड्यांवर हा हिशोब ताडून पाहता येतो. जुन्या स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन साधारण साडेसात अश्वशक्तीचं, ती धडधाकट असताना ८५-९० ला पोचते. आरएक्स १०० चं टू-स्ट्रोक इंजिन ९८ सीसीचं, पण अश्वशक्ती ११. ती शंभरच्या आसपास जाते. ताकद जवळपास दीडपट, वेगात फरक दहा-पंधराचाच. राजदूत ३५० चं जास्त ताकदीचं मॉडेल ३०.५ अश्वशक्तीचं, म्हणजे आरएक्सच्या पावणेतीनपट, आणि तिचा वेग १४० च्या घरात. बुलेट ३५० ला १८ अश्वशक्ती असूनही ती ११० च्या आगेमागेच राहते, कारण ती मोठी आहे आणि चालवणारा ताठ बसतो.

बसण्याचा परिणाम किती होतो याचं उदाहरण रोली फ्री या अमेरिकन स्वाराचं आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर व्हिन्सेंट गाडीवर तो ताशी १४७ मैलांपर्यंत पोचला होता. चामड्याचं जाकीट वाऱ्याने फाटलं, तेव्हा त्याने कपडे उतरवले आणि पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर पालथा आडवा झाला. त्या फेरीत १५० मैल पार झाले, म्हणजे ताशी सुमारे २४२ किलोमीटर. इंजिन तेच होतं. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने तर १९२० ची इंडियन स्काउट घेऊन अख्खं आयुष्य तिच्यावर घालवलं. मूळ गाडी ताशी ५५ मैलांची. पिस्टन त्याने स्वतः ओतले, इंजिन ६०० वरून ९५० सीसीपर्यंत नेलं, गाडीवर माशासारखं निमुळतं कवच चढवलं आणि १९६७ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी १८४ मैल, म्हणजे ताशी सुमारे २९६ किलोमीटर गाठले. नुसतं इंजिन वाढवून हे शक्यच नव्हतं, तसं करायला जवळपास सदतीसपट ताकद लागली असती. कवचामुळे हवा वाट देत गेली. जुन्या इंजिनात काय दडलेलं असतं हे मन्रोइतकं कोणी दाखवलेलं नाही, आणि मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता तुमच्या गाडीकडे या. आरएक्स शंभरवरून ९३ वर आली असेल तर ताकद सुमारे एक पंचमांश घटली आहे. झिजलेल्या रिंगा, थोडा कार्बन, चुकलेलं टायमिंग अशा गोष्टींची ही बेरीज असते. पण ती ७० ला अडत असेल तर साठ टक्क्यांच्या आसपास ताकद कुठेतरी मरते आहे. सपाट रस्त्यावर ७० ला अशा गाडीला चार-साडेचार अश्वशक्ती पुरते. एवढं नुकसान कार्बोरेटरमधल्या निडलची (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर-खाली केल्याने भरून निघत नाही. तिथे काहीतरी बंद झालेलं असतं, घसरत असतं किंवा धरून ठेवत असतं. तेच शोधायचं आहे.

मोजायचं कुठे

सार्वजनिक रस्त्यावर टॉप स्पीड काढू नका. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि शहरात व इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे. समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. शिवाय पुढच्या ड्रम ब्रेकवर शंभरच्या वेगातून गाडी थांबवणं काय असतं हे या गाड्या चालवणाऱ्याला सांगायला नको. पूर्ण वेगाची हौस असेल तर ती ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर भरवलेल्या स्पर्धेत भागवा.

निदानाला टॉप स्पीडची गरजही नसते. टॉप गिअरमध्ये ४० वर गाडी स्थिर करा, मूठ पूर्ण पिळा आणि ६० ला किती सेकंद लागतात ते मागच्या मित्राला मोजायला सांगा. हाच माणूस, हाच पट्टा, हीच हवा ठेवून दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. दुसरी चाचणी उलटी: ५० ला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप किती लांब जाऊन थांबते ते रस्त्याकडेच्या खांबांवरून मोजा. गाडी लवकर थांबत असेल तर दोष इंजिनात नाही. ब्रेक धरतोय, बेअरिंग गेलंय, चेन कोरडी किंवा जास्त ताणलेली आहे, नाहीतर टायरात हवा कमी आहे. डबल स्टँडवर चाक हाताने फिरवून बघा. लायनर बदलल्यानंतर ब्रेक घासत राहणं इतकं नेहमीचं आहे की ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

कसारा घाट ही तिसरी चाचणी. चढावर पन्नासच्या वेगालाही मूठ पूर्ण पिळावी लागते, म्हणजे कायद्यात राहून इंजिनावर पूर्ण ताण येतो. रोजच्या वळणांवर पूर्वी तिसरा गिअर टिकत होता आणि आता दुसरा टाकावा लागतो का, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. उतरताना येझदीवाल्यांनी एक काळजी घ्यायची: तेल पेट्रोलात मिसळून जातं, त्यामुळे मूठ बंद ठेवून गिअरवर लांबलचक उतार उतरलात तर पिस्टनला तेल मिळत नाही. मधूनमधून मूठ थोडी उघडायची.

गाडी अडते कशी, ते ऐका

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नसेल तर क्लच घसरतोय. फोर-स्ट्रोक गाडीत कारचं ऑइल टाकलं असेल तर प्लेटा नव्या असूनही हे होतं. डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलं मोटरसायकलचंच ऑइल घ्या.

आवाजही चढत नाही, गाडी कोणीतरी मागून बांधल्यासारखी एका वेगावर थांबते, पण चुकत नाही, फटफटत नाही: सायलेन्सर तुंबलाय. टू-स्ट्रोकमध्ये माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो.

सुरुवातीचे काही किलोमीटर मस्त, मग पूर्ण मुठीवर गाडी गळपटते, मूठ कमी केली की सावरते: पेट्रोल पुरत नाही.

थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आवाज तुटतो, मिस होते: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट.

पेट्रोलची बाजू: तक्रार परत येण्याचं मोठं कारण

टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि प्रवाह मंदावतो. गावात हळू चालवताना कळत नाही. गाडी गळपटली की लगेच बाजूला थांबून झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी पुन्हा पळाली, तर निदान झालं. कार्बोरेटर साफ करताना फिटर पाइप काढतो आणि चाचणीसाठी झाकण उघडतो, म्हणून तेवढ्यापुरती गाडी बरी होते आणि श्रेय कार्बोरेटरला जातं.

मग कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. पाइप कार्बोरेटरपासून काढून बाटलीत सोडा. धार अखंड यायला हवी. थेंब-थेंब किंवा मध्येच तुटणारी धार आली तर कॉकची जाळी गंजाने भरलेली आहे. रिझर्ववर टाकल्यावर गाडी बरी किंवा आणखी वाईट पळते का, हेही बघून ठेवा.

जाळी भरली असेल तर गंज टाकीतून येतोय. पावसाळ्यात महिनोन्‌महिने अर्धी टाकी घेऊन उभी राहिलेली गाडी हमखास अशी होते. टाकी काढून आतून गंज काढणं आणि नंतर कोटिंग करणं हाच उपाय. नुसता फिल्टर लावून भागत नाही, कारण तोच काही दिवसांत भरतो. टॉर्च मारून टाकीत बघा, लाल दिसली तर कार्बोरेटरवर आणखी पैसे खर्च करू नका.

यात इथेनॉलची भर पडली आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवतं, टाकीतला जुना चिकटा सोडवून खाली आणतं. आणखी एक गोष्ट टू-स्ट्रोकवाल्यांनी गंभीरपणे घ्यावी. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरापट. म्हणजे जुन्याच जेटवर गाडी पूर्वीपेक्षा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. पूर्ण मुठीवर बराच वेळ लीन चाललेली आरएक्स सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो. पडताळणी सोपी आहे: पूर्ण मुठीवर ओढत असताना चोक किंचित लावल्यावर गाडीला जोर आला, तर मिश्रण लीन आहे. टाकी, कॉक, झाकण ठीक असतानाही असं होत असेल तरच मेन जेट एक नंबर मोठा घाला, आणि नळ्या व फ्लोटची निडल इथेनॉलला टिकणारी घ्या.

सायलेन्सर आणि पोर्ट

टू-स्ट्रोकमध्ये जळलेलं तेल सायलेन्सरच्या आतल्या जाळीवर आणि एक्झॉस्ट पोर्टच्या (सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या खिडकीच्या) तोंडावर थर धरतं. पोर्ट अर्धा मिटलेली गाडी मी पाहिली आहे; मालक नवा कार्बोरेटर घ्यायला निघाला होता.

येझदी रोडकिंगला एका सिलिंडरचे दोन सायलेन्सर आहेत, त्यामुळे तिथे तपासणी अगदी सोपी. गाडी चालू ठेवून दोन्ही नळ्यांमागे थोड्या अंतरावर तळहात धरा. एका बाजूची फुंकर मंद लागली तर ती बाजू तुंबली आहे. आरएक्सची जाळी मागून बोल्ट काढल्यावर बाहेर येते. ती ब्लो-लॅम्पने जाळून आणि तारेच्या ब्रशने घासून साफ करा. पोर्टमधला कार्बन काढायला हेड आणि सिलिंडर उतरवावा लागतो. लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची बोथट पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने पोर्टची कड खरवडू नका.

जाळी कायमची काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर धुराची लाट परत फिरवून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये अडवून ठेवतो. आतली रचना मोडली की आवाज वाढतो आणि मधल्या वेगातली ओढ जाते. वर ध्वनिप्रदूषणाचा दंड. कार्बन वारंवार साचत असेल तर तेल बघा: जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं टू-टी, आणि पंपाची केबल कंपनीच्या खुणेवर. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, असं नसतं.

पॉइंट, ॲडव्हान्स, सील

बुलेट आणि येझदीत पॉइंटचं अंतर सुमारे ०.४ मिमी. पॉइंट जळून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर बदला, नाहीतर नवे पॉइंटही तसेच होतील. बुलेटमध्ये पॉइंटच्या मागे वजनांवर चालणारा ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारा भाग) असतो. ती वजनं गंजून अडकली की गाडी एका किकला चालू होते, आयडलिंग सुरेख, पण वेगात टायमिंग पुढे जातच नाही. टॉपला मरणाऱ्या बुलेटमध्ये हा भाग क्वचितच कोणी उघडून बघतं. बोटाने फिरवून सोडा, स्प्रिंगने झटकन परत यायला हवा.

टू-स्ट्रोकमध्ये शेवटी क्रँकच्या दोन्ही टोकांचे रबरी सील. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत येते, आयडलिंग आपोआप चढतं-उतरतं आणि गाडी लीन होते. क्लचच्या बाजूचा गेला की गिअर ऑइल इंजिनात खेचलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी गळती नसताना घटते. कितीही जेट बदला, सील गेलेली गाडी ट्यून होत नाही.

एवढं तपासून झालं तरी ताकद नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा कमी आला तर बोअर-पिस्टनचं काम आहे, आणि तेव्हाच ते करावं.

गाडी गॅरेजला देताना "टॉप मिळत नाही" एवढंच सांगू नका. जीपीएसवर किती, ४० ते ६० ला किती सेकंद, गार असताना की गरम झाल्यावर, झाकण उघडल्यावर फरक पडतो का, रिझर्ववर काय होतं, चोक लावल्यावर काय होतं, आणि टायर, स्प्रॉकेट, सायलेन्सर यांतलं शेवटचं काय बदललं, हे कागदावर लिहून द्या. पुढचा स्प्रॉकेट विशेष आठवून सांगा. १४ दातांच्या जागी १५ चा बसवला असेल तर गिअर सात टक्क्यांनी जड झालेला असतो, आणि अशक्त इंजिन तो टॉपमध्ये ओढूच शकत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी टॉपपेक्षा जास्त वेग घेत असेल तर इंजिन उघडण्याआधी दात मोजा.